नळापासून लोकसभेपर्यंत : मृणाल गोरे यांचं राजकारण



आजचा विषय मृणाल गोरे. तुमच्यातले जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांना हे नाव ऐकल्याबरोबर दोन गोष्टी आठवल्या असतील, पाणी आणि लाटणं. तरुण मंडळींना कदाचित गोरेगावचा उड्डाणपूल आठवेल, त्यांचं नाव दिलेला. मृणालताईंबद्दल लिहिताना एक ठरलेलं वाक्य वापरलं जातं, ‘समाजकार्यातून राजकारणात आलेल्या नेत्या’. मला आज या वाक्याशी थोडं भांडायचं आहे.

हे वाक्य ऐकलं की डोळ्यांसमोर काय येतं? दोन घरं. एक समाजसेवेचं, स्वच्छ, सारवलेलं. दुसरं राजकारणाचं, तिथे सगळा चिखल. आणि एक भली बाई पहिल्या घरातून उठून दुसऱ्या घरात गेली. आपण वर हळहळतो सुद्धा, की कशाला गेल्या तिकडे. पण मृणालताईंच्या आयुष्यातल्या घटना तारीखवार लावून पाहा. तुम्हाला वेगळंच चित्र दिसेल. एक बाई एका प्रश्नाच्या मागे लागली आहे. प्रत्येक कचेरीत तिला सांगतात, हे आमच्या हातात नाही, वर विचारा. आणि ती वर जाते, विचारायला. ग्रामपंचायतीतून महापालिकेत, तिथून विधानसभेत, तिथून लोकसभेत. प्रश्न बायकांच्या डोक्यावरच्या हंड्याचा, घरातल्या चुलीचा. त्याची उत्तरं मात्र एकेक मजला वरवर सरकत गेली. हा आजचा माझा मुद्दा आहे, आणि तो पटतो का ते तुम्ही शेवटी ठरवायचं.

आता सुरुवातीपासून बघू. जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचं आडनाव मोहिले. हुशार विद्यार्थिनी, वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. ते त्यांनी अर्धवट सोडलं आणि राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या. १९४१ मध्ये सेवा दल नव्याने उभं राहिलं तेव्हापासून त्यात एक शिस्त होती. संध्याकाळी मैदानावर शाखा भरायची, मुलंमुली एकत्र खेळायची, कवायत करायची, गाणी म्हणायची, आणि जातपात न मानण्याची सवय अंगी लागायची. नुसतं भाषण ऐकून नव्हे, तर वागून. तिथेच केशव गोरे यांची ओळख झाली. सगळे त्यांना बंडू म्हणायचे. १९४८ मध्ये दोघांनी लग्न केलं, जातीबाहेरचं. त्या काळात मध्यमवर्गीय घरात याचा अर्थ काय होता, ते मी वेगळं सांगायला नको.

ते साल लक्षात ठेवा. १९४८ मध्येच समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. म्हणजे स्वातंत्र्याला वर्षही झालेलं नाही, सत्तेचं दार उघडलेलं आहे, आणि ही माणसं दाराबाहेर येऊन उभी राहिली. मग कार्यकर्त्याने करायचं काय? पुढच्या काळात राममनोहर लोहियांनी याचं उत्तर तीन शब्दांत दिलं. फावडं, मतपेटी आणि तुरुंग. फावडं म्हणजे रचना, लोकांबरोबर हाताने केलेलं काम. मतपेटी म्हणजे निवडणूक. तुरुंग म्हणजे अन्यायाविरुद्ध शांततेने केलेला संघर्ष. हे तिन्ही एकाच माणसाने करायचं, अशी कल्पना. आज आपण ही कामं तीन वेगळ्या माणसांना वाटून दिली आहेत. फावडं स्वयंसेवी संस्थेकडे, मतपेटी पुढाऱ्याकडे, आणि तुरुंग कुणाच्या वाट्याला येईल त्याच्याकडे. गोरे दांपत्य ज्या पठडीत तयार झालं तिथे ही वाटणी नव्हती. त्यामुळे ‘समाजकार्यातून राजकारणात’ हे वाक्य त्यांना स्वतःला जरा चमत्कारिक वाटलं असतं.

ही दोघं गोरेगावात राहत होती. तेव्हाचं गोरेगाव म्हणजे मुंबईबाहेरचं गाव, स्वतःची ग्रामपंचायत असलेलं. मृणालताईंनी तिथे महिला मंडळाचं काम उभं केलं, कुटुंबनियोजनाचं केंद्र चालवलं. पन्नासच्या दशकात बायकांनी एकत्र बसून या विषयावर बोलायचं, हीच मोठी गोष्ट होती. ग्रामपंचायतीतही त्यांनी काम केलं. गाव छोटं होतं, पंचायत हाताच्या अंतरावर होती. तक्रार असली तर चालत जाऊन सांगता यायची.

मग १९५७ मध्ये एक बदल झाला. बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढवली गेली आणि गोरेगाव महापालिकेत गेलं. पंचायत संपली. आता नळाची, गटाराची, रस्त्याची सत्ता कुठे गेली? बोरीबंदरसमोरच्या त्या दगडी इमारतीत. गोरेगावच्या बाईने लोकल पकडून तिथे जायचं, कोणत्या खिडकीत विचारायचं ते शोधायचं, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत यायचं. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, केशव गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान मुलगी. बंडूंच्या नावाने गोरेगावात स्मारक ट्रस्ट उभा राहिला आणि ताईंच्या पुढच्या बहुतेक कामांना तिथे जागा मिळाली. १९६१ मध्ये त्या महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

इथे जरा थांबून पाण्याचा हिशेब समजून घेऊ, कारण त्याशिवाय ‘पाणीवाली बाई’ हे नाव कळणार नाही. मुंबईला नळाचं पाणी आलं ते विहार तलावातून, १८६० मध्ये. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, आणि १९५७ मध्ये वैतरणेवरचं धरण, ज्याला आपण मोडक सागर म्हणतो. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. विहार आणि तुळशी कुठे आहेत? गोरेगाव, बोरिवलीच्या पूर्वेच्या डोंगरात. म्हणजे शंभर वर्षं या डोंगरांतलं पाणी नळातून दक्षिणेला, शहराकडे गेलं, आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणारी वस्ती विहिरीवर आणि टँकरवर. उपनगरं महापालिकेत आली तेव्हा कर शहराचे लागू झाले, नळ मात्र मागाहून यायचे होते. आणि माणसं तर रोज येत होती. कारखाने येत होते, चाळी उठत होत्या, झोपड्या पडत होत्या.

ज्यांच्या इमारती अधिकृत होत्या त्यांचा प्रश्न दाबाचा होता. पाणी यायचं, पण रात्री दोनला, करंगळीएवढ्या धारेने. झोपडपट्टीचा प्रश्न वेगळाच होता. तिथे महापालिकेचं म्हणणं असं, की वस्ती अनधिकृत आहे, तिला नळ दिला तर ती अधिकृत ठरेल. कागदावर हे तर्कशुद्ध आहे. पण तहान काही कागद बघून लागत नाही. आणि नळ नाही म्हणून पाणी प्यायचं कुणी थांबत नाही. ते विकत घेतात, दुप्पट-चौपट पैसे मोजून, कुणाच्या तरी दादागिरीखाली. म्हणजे शहरातलं सगळ्यात महाग पाणी सगळ्यात गरीब माणूस पितो. मृणालताईंनी महापालिकेत हाच विषय लावून धरला. सभागृहात प्रश्न, अधिकाऱ्यांकडे खेटे, आणि बाहेर रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा. यातला क्रम महत्त्वाचा आहे. मोर्चामुळे विषय पेटतो, पण नळ येतो तो अंदाजपत्रकात तरतूद झाली, जलवाहिनीचा व्यास ठरला, ठेका निघाला, की मग. निव्वळ मोर्चा काढणाऱ्याला ही कागदपत्रं कुणी दाखवत नाही. नगरसेवकाला दाखवावी लागतात. मृणालताईंनी मतपेटी का धरली, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं.

आणि यातून त्यांना लोकांनीच पदवी दिली, पाणीवाली बाई. पद्म पुरस्कारापेक्षा मी या पदवीला जास्त मानतो, कारण ती द्यायला कुठली समिती बसली नव्हती.

पुढचा टप्पा १९७२. त्या विधानसभेवर निवडून गेल्या, आणि त्याच सुमाराला महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ. धान्य नाही, तेल नाही, रॉकेल नाही. रेशनच्या दुकानाबाहेर बायकांच्या रांगा. पुढच्या वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले आणि १९७३-७४ मध्ये देशातली भाववाढ २० टक्क्यांवर गेली. या पार्श्वभूमीवर मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यातला ‘संयुक्त’ हा शब्द नुसता शोभेचा नव्हता. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. या पक्षांचे पुरुष नेते एका व्यासपीठावर बसले तर पहिला तास एकमेकांच्या चुका मोजण्यात जायचा. बायकांनी मात्र ठरवलं, आधी तेलाचं बोलू.

त्यांनी हत्यार कुठलं घेतलं? लाटणं. घराघरांत असलेलं, पोलिसांना जप्त करता येत नाही असं, आणि हातात धरलं की काय म्हणायचंय ते न बोलता कळणारं. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, घराघरांतून थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना घेराव घातले गेले, साठेबाजांची गोदामं दाखवून दिली गेली. आजवर मोर्चाचं नाव काढलं नव्हतं अशा बायका यात आल्या. गिरणगावातल्या आल्या, दादरच्या चाळींतल्या आल्या, उपनगरांतल्या आल्या. पुढे हे लोण गुजरातेतही गेलं. आणि त्यांना पुन्हा तेच उत्तर मिळालं. राज्य सरकार म्हणालं, रॉकेलचा कोटा केंद्र ठरवतं, साखरेचं केंद्र ठरवतं, आम्ही काय करणार? यात खोटं काही नव्हतं. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ चा, केंद्राचा. म्हणजे चुलीचा प्रश्न विचारायची जागा दिल्ली होती.

दिल्लीने जून १९७५ मध्ये आपलं उत्तर दिलं, आणीबाणी. मृणालताई भूमिगत झाल्या. काही महिने सापडल्या नाहीत, मग पकडल्या गेल्या. मिसाखाली तुरुंगवास, त्यात एकान्तवासही. लोहियांच्या तीन शब्दांतला तिसरा शब्द असा पुरा झाला. अहिल्याताई, प्रमिलाताई याही तुरुंगात होत्या. मला नेहमी वाटतं, लाटणं मोर्चाच्या इतक्या पुढारी बायका गजाआड गेल्या, याची आणीबाणीच्या इतिहासात पुरेशी नोंद होत नाही. आपण जयप्रकाश, मोरारजी, अटलबिहारी, जॉर्ज ही नावं घेतो आणि पुढे जातो.

मार्च १९७७ ची निवडणूक. मृणालताई जनता पक्षाच्या उमेदवार, मतदारसंघ उत्तर मुंबई. तेव्हाची घोषणा तुमच्यातल्या काहींनी प्रत्यक्ष ऐकली असेल, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. आणि झालं तसंच. इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, मृणालताई लोकसभेत गेल्या. त्या लोकसभेत बायका किती होत्या माहीत आहे? ५४२ जागांत फक्त १९. आजवरचा नीचांक. आणि मुंबईच्या ६ खासदारांत दोन बायका, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. देशभर जिथे शंभरात चार सुद्धा नाहीत तिथे मुंबईत तिनात एक. हे आपोआप घडत नाही. १९७२ पासून ज्या बायका थाळ्या वाजवत होत्या त्यांनी मतदार म्हणून केलेलं ते काम होतं.

आता गोष्ट सरळ असती तर पुढे मंत्रिपद यायला हवं. ते आलंही होतं. मोरारजी देसाईंनी आरोग्य खातं देऊ केलं आणि मृणालताईंनी ते घेतलं नाही. याकडे त्यागाची गोष्ट म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. मी जरा सावधपणे पाहीन. माझं सगळं म्हणणं जर असं असेल, की त्या उत्तराच्या शोधात एकेक मजला चढत गेल्या, तर वरच्या मजल्यावर खोली मिळत असताना त्यांनी ती का सोडली, हे विचारायलाच हवं. आरोग्य खात्यात पाण्याइतकं जवळचं दुसरं काय आहे? गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर, हे सगळे नळाचेच रोग. तिथे बसून काही करता आलं असतं. समाजवाद्यांच्या पठडीत सत्तेबद्दल एक संकोच होता, विरोधात बसण्याची सवय होती, आणि त्याची किंमत लोकांनी मोजली असं कुणी म्हणालं तर मी ते उडवून लावणार नाही. दुसरी बाजूही आहे. जनता पक्ष आतून भांडत होता, जुलै १९७९ मध्ये सरकार गडगडलं. जे मंत्री झाले त्यांच्या हाती दोन-सव्वादोन वर्षं लागली. मृणालताईंकडे मात्र गोरेगाव उरलं होतं.

आणि त्या तिथेच परतल्या. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका भाग वाटतो. राष्ट्रीय राजकारणात जाऊन आलेला माणूस सहसा वॉर्डात परत येत नाही. तो राज्यसभा बघतो, महामंडळ बघतो. मृणालताईंनी ऐंशीच्या दशकात घराचा प्रश्न हातात घेतला. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतलाच. ज्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं त्याच राजवटीचा कायदा. पण कायद्याचा हेतू चांगला होता. शहरातली मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन सरकारने घ्यावी आणि सामान्यांच्या घरांसाठी वापरावी. प्रत्यक्षात कलमांतून इतक्या सवलती निघाल्या की जमीन बहुतेक मालकांकडेच राहिली. मृणालताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने सरकारला धरलं, की तुमचाच कायदा आहे, त्याप्रमाणे जमीन द्या. कोर्टकचेऱ्या, मोर्चे, वर्षानुवर्षं पाठपुरावा. त्यातून गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत ६ हजारांहून अधिक घरं उभी राहिली, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची. याच काळात संकटातल्या बायकांसाठी ‘स्वाधार’ सुरू झालं.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. तेव्हाचा एक विषय सांगतो. गर्भजलपरीक्षा करून मुलगी असेल तर गर्भ पाडायचा, हा धंदा मुंबईत राजरोस चालू होता, त्याच्या जाहिराती लागायच्या. स्त्रीसंघटना आणि काही डॉक्टर याविरुद्ध लढत होते आणि सभागृहात त्यांचा आवाज मृणालताई होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. म्हणजे बघा, एरवी प्रश्न खालून वर ढकलला जातो, इथे उत्तर खालून वर गेलं.

आता ताळेबंद. महागाईचा लढा टिकला नाही, संयुक्त समिती विरत गेली. दिंडोशीची ६ हजार घरं आहेत, पण मुंबईत झोपडपट्टीत राहणारे लाखांनी मोजावे लागतात. १९७६ चा तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. समाजवादी पक्ष तर फुटून फुटून नावापुरता राहिला. मृणालताई १७ जुलै २०१२ ला गेल्या. नळाचं तर्कट मात्र त्यांच्यामागेही चालूच होतं. अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो डिसेंबर २०१४ मध्ये. महापालिकेच्या सभागृहात १९६१ पासून जे सांगितलं जात होतं ते कायद्याच्या भाषेत यायला अर्धं शतक गेलं.

मग या कारकिर्दीकडे आज का बघायचं? एका साध्या कारणासाठी. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक नाही, सभागृह नाही, स्थायी समिती नाही. अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. या काळात रस्ते झाले, पूल झाले, पुष्कळांना त्याचं काही वाटलंही नाही. उलट ‘राजकारण नाही ते बरं, कामं होतात’ असं म्हणणारी माणसं मला भेटली. माझं भांडण त्या वाक्याशी आहे, कारण ते आणि सुरुवातीचं दोन घरांचं वाक्य एकाच कुळातलं. सेवा चांगली आणि राजकारण वाईट, असं एकदा मनात बसलं की मग प्रश्न विचारण्याची जागाच गेली तरी खटकत नाही. टँकर पाठवणारा दाता चालतो, नळाचा हिशेब मागणारी बाई नको असते.

मृणालताईंनी टँकर मागितला नाही असं नाही, त्या त्या दिवशी तो लागतोच. पण टँकर आला की त्या घरी गेल्या नाहीत. त्या पाइप कुठून येतो ते बघायला गेल्या.

प्रश्नांसाठी वेळ ठेवायचा आहे, म्हणून इथे थांबतो.